महान सिनेमा आवडला नाही, तर पुढे काय?

संशोधनाच्या वाटेवर एक प्रसंग बहुतेकांच्या वाट्याला येतो. आपल्या क्षेत्रातलं सगळ्यांनी डोक्यावर घेतलेलं काहीतरी तुम्ही मन लावून बघता किंवा वाचता, आणि ते तुम्हाला आवडत नाही. सिनेमाच्या बाबतीत तर हे हमखास होतं. ‘सिटिझन केन’ बघताना तिसऱ्यांदा घड्याळाकडे लक्ष जातं. ‘व्हर्टिगो’ संपल्यावर वाटतं, यात एवढं काय आहे? आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्यावर बोलायचं असतं.

अशा वेळी दोन सोप्या वाटा समोर असतात. एक म्हणजे गप्प बसायचं, पुस्तकातली विशेषणं उचलायची आणि टिपण पूर्ण करायचं. दुसरी म्हणजे ‘ओव्हररेटेड आहे’ असं म्हणून मोकळं व्हायचं. पहिलीत तुम्ही दुसऱ्याचं मत स्वतःच्या नावावर खपवता, दुसरीत मत तुमचं असतं पण त्याला कुणी उत्तर देऊ शकत नाही. संशोधन म्हणून दोन्हींची किंमत सारखीच, म्हणजे शून्य.

तिसरी वाट आहे, आणि ती जुनी आहे. सिनेमाच्या इतिहासात महान चित्रपट न आवडलेली बरीच मोठी माणसं आहेत. त्यांच्यातल्या काहींच्या नावडीतून पुढे सिनेमाचा विचारच बदलला, काहींची नावड पुराव्यापुढे टिकली नाही. हा फरक कशामुळे पडला, ते आज बघू. पण त्याआधी ‘महान’ हे ठरतं कसं, ते बघायला हवं.

‘सगळ्यांना आवडतो’ म्हणजे किती जणांना?

जगातल्या सर्वोत्तम चित्रपटांची सगळ्यात जास्त उल्लेखली जाणारी यादी ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ या मासिकाची आहे. १९५२ पासून दर दहा वर्षांनी ते समीक्षकांकडून कौल घेतात. पद्धत अगदी साधी: प्रत्येकाने दहा चित्रपट सांगायचे, प्रत्येक चित्रपटाला एक मत, मग बेरीज.

मी विज्ञानात एमएस्सी करून इकडे आलेय, त्यामुळे कुठलीही यादी दिसली की निकालाआधी मोजणी कशी केली ते बघायची सवय आहे. १९५२ मध्ये ८५ समीक्षकांना विचारलं गेलं, ६३ जणांनी उत्तर दिलं. पहिला आला व्हित्तोरिओ दे सिकांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’, तेव्हा जेमतेम चार वर्षांचा असलेला चित्रपट. त्याला मतं पडली २५. ‘सिटिझन केन’ पहिल्या दहातसुद्धा नव्हता. १९६२ मध्ये मात्र तोच केन २२ मतांनी पहिला आला आणि २००२ पर्यंत सलग पाच वेळा पहिलाच राहिला. २०१२ मध्ये त्याची जागा आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ने घेतली, तर २०२२ मध्ये शांताल आकरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेचा १९७५ चा ‘जान दिलमान’ पहिला आला.

आता २०१२ चा आकडा नीट बघा. एकूण ८४६ जणांनी याद्या पाठवल्या आणि ‘व्हर्टिगो’ला १९१ मतं मिळाली. म्हणजे जगातला ‘सर्वोत्तम’ ठरलेला चित्रपट ६५५ जाणकारांच्या पहिल्या दहात नव्हताच. त्या सगळ्या याद्या मिळून २,०४५ वेगवेगळ्या चित्रपटांची नावं आली होती. इतक्या विखुरलेल्या मतांमध्ये २३ टक्क्यांच्या आत असलेला चित्रपटही पहिला येऊ शकतो.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. त्या ६५५ जणांना ‘व्हर्टिगो’ आवडत नाही, असा अर्थ यातून काढता येत नाही. कुणाचा तो अकरावा असेल, कुणी तो पाहिलाही नसेल. आणि उलट बाजूने, ‘व्हर्टिगो सगळ्यांना आवडतो’ असाही अर्थ काढता येत नाही, कारण या पद्धतीत नापसंती नोंदवायला जागाच नाही. विरोधी मत देण्याची सोय नसलेल्या मतदानातून विरोध नाही असा निष्कर्ष निघत नाही. प्रयोगशाळेत ज्या उपकरणाला एखादा वायू ओळखताच येत नाही, त्याच्या वाचनावरून ‘इथे तो वायू नाही’ असं आपण लिहीत नाही. इथेही तसंच.

मग मतं बदलतात कशामुळे? एक कारण सहज सुचतं: चित्रपट बघायला मिळणं. केनच्या बाबतीत ते बरंचसं लागू पडतं. १९४१ मध्ये तो आला तेव्हा वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांना तो आपल्यावरच बेतला आहे असं वाटलं आणि त्यांच्या वृत्तपत्रांनी त्याच्या जाहिरातीसुद्धा घेतल्या नाहीत. युद्धामुळे फ्रान्समध्ये तो १९४६ मध्ये पोचला. अमेरिकेत १९५६ च्या सुमाराला तो चित्रपटगृहांत पुन्हा लागला आणि टीव्हीवरही आला. १९६२ चा निकाल त्यानंतरचा आहे.

पण हे कारण सगळीकडे चालवू नका. ‘व्हर्टिगो’ १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९८३ पर्यंत वितरणातून काढून घेतलेला होता, आणि याच यादीत पहिल्या दहात तो प्रथम आला १९८२ मध्ये! म्हणजे बघायला मिळत नव्हता त्याच काळात तो वर चढला. १९५८ मधलं त्याचं स्वागत संमिश्र होतं. पुढे रॉबिन वुडसारख्या समीक्षकांनी १९६० च्या दशकात त्यावर गंभीरपणे लिहिलं, आणि ते वाचलेली पिढी मतदार झाली. तुमचं पहिलं स्पष्टीकरण एका उदाहरणात चपखल बसलं की लगेच दुसरं उदाहरण शोधा, ते यासाठी.

तुम्ही पाहिला तो सिनेमा नेमका कुठला?

‘मला आवडला नाही’ या वाक्यात ‘मला’ आणि ‘आवडला’ यांवर आपण वाद घालतो. कर्त्याकडे, म्हणजे त्या चित्रपटाकडे, कुणी बघत नाही.

झाँ रन्वार यांचा ‘द रूल्स ऑफ द गेम’ घ्या. जुलै १९३९ मध्ये पॅरिसमध्ये तो लागला आणि प्रेक्षक चिडले. फ्रेंच उच्चवर्गाची ती खिल्ली कुणाला पचली नाही. रन्वार यांनी लोकांना खटकणारे भाग कापले, पुन्हा कापले. चित्रपट दीड तासाच्याही खाली आला. मग सरकारने त्यावर बंदी घातली. १९४२ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या बॉम्बहल्ल्यात मूळ निगेटिव्ह नष्ट झालं. पुढे विखुरलेल्या प्रिंट आणि न वापरलेले तुकडे गोळा करून, रन्वार यांच्या संमतीने, १०६ मिनिटांची आवृत्ती उभी केली गेली. ती दाखवली गेली १९५९ मध्ये, व्हेनिस महोत्सवात.

आता यादीकडे परत या. १९५२ मध्ये दहा समीक्षकांनी या चित्रपटाला मत दिलं होतं आणि तो दहाव्या जागी विभागून आला होता. त्यांच्या हाताशी होत्या त्या कापलेल्या प्रिंट. १९६२ मध्ये तो तिसरा आला, पूर्ण आवृत्ती लोकांसमोर आल्यावर. नाव एक, पण १९३९ चे चिडलेले प्रेक्षक, १९५२ चे दहा समीक्षक आणि १९६२ चे मतदार यांनी पाहिलेली वस्तू वेगवेगळी होती. मग ‘आधी लोकांना कळला नाही, नंतर कळला’ हे जे वाक्य आपण सहज लिहून टाकतो, ते इथे अर्धंच खरं ठरतं.

आपल्याकडचं उदाहरण अजून जवळचं आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ म्हणून आज जे दिसतं, ती फक्त पहिली आणि शेवटची रिळं आहेत. त्यातही काही इतिहासकारांच्या मते ती १९१३ च्या मूळ चित्रपटाची नसून १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत. तेवढं बघून फाळक्यांच्या कथनशैलीला नावं ठेवणारा आणि तेवढंच बघून तिचं कौतुक करणारा, दोघेही एकाच खड्ड्यात आहेत.

म्हणून टिपणाच्या वर आधी लिहा: कुठली आवृत्ती, किती मिनिटांची, कुठल्या भाषेतले उपशीर्षक, पडद्यावर की मोबाइलवर. रसायनशास्त्रात नमुना कुठून आला हे लिहिल्याशिवाय वाचन लिहीत नाहीत. तीच शिस्त इथे.

सार्त्र यांना केन आवडला नाही

१९४५ मध्ये झाँ-पॉल सार्त्र अमेरिकेत गेले होते आणि तिथे त्यांनी ‘सिटिझन केन’ पाहिला. फ्रान्समध्ये तो अजून लागायचा होता. परतल्यावर त्यांनी त्यावर लेख लिहिला, आणि तो प्रतिकूल होता.

त्यांची तक्रार ‘कंटाळा आला’ अशी नव्हती. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा चित्रपट सगळं भूतकाळात सांगतो. नायक सुरुवातीलाच मेलेला आहे, मग त्याच्या आयुष्याचा हिशोब लावला जातो. त्यामुळे पडद्यावर काही घडतंय, पुढे काय होईल ते उघडं आहे, ही सिनेमाची ताकदच हरवते. हा बुद्धिजीवींनी बुद्धीने रचलेला, सामान्य माणसांपासून तुटलेला चित्रपट आहे, आणि फ्रेंच सिनेमाने त्याचं अनुकरण करू नये.

पटो न पटो, पण याला उत्तर देता येतं. चित्रपटातला काळ, निवेदन, प्रेक्षकाचं स्वातंत्र्य असे धरायला मुद्दे आहेत. उत्तर दिलं आंद्रे बाझाँ या तरुण समीक्षकाने, १९४७ मध्ये, आणि तेही ‘ले ताँ मोदेर्न’ या नियतकालिकात, जे खुद्द सार्त्र चालवत होते. विरोधी लेखाला आपल्याच घरात जागा देणं ही गोष्ट तुमच्या नोंदवहीत लिहून ठेवा, पुढे कधी संपादक झालात तर उपयोगी पडेल.

बाझाँ यांनी कथेला बाजूला ठेवून तंत्राकडे बोट दाखवलं. केनमध्ये जवळची आणि लांबची वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसते आणि दृश्य बराच वेळ न तोडता चालतं. कुठे बघायचं हे संकलक ठरवत नाही, प्रेक्षकाला ठरवावं लागतं. त्यांचं गाजलेलं उदाहरण सुसानच्या आत्महत्येच्या प्रयत्नाचं: अगदी पुढे पेला आणि औषधाची बाटली, मध्ये अंधारात ती, आणि मागे लांबवर दार, ज्यावर केन धडका मारतोय. सार्त्र म्हणत होते की सगळं आधीच ठरलेलं आहे. बाझाँ म्हणाले, कथेत असेल, पण चौकटीच्या आत प्रेक्षक मोकळा आहे. सिनेमाच्या सिद्धान्तात आज शिकवला जाणारा मोठा भाग या विचारातून पुढे आला.

गोष्ट इथे संपत नाही. रॉबर्ट कॅरिंजर या अमेरिकन अभ्यासकाने पुढे केनच्या निर्मितीची कागदपत्रं तपासली. त्यांच्या १९८५ च्या पुस्तकातून समजलं की ते पेल्याचं दृश्य एका फटक्यात टिपलेलं नाही. पुढच्या वस्तूंवर उजेड टाकून एकदा चित्रण केलं, फिल्म मागे गुंडाळली आणि मागच्या भागाचं दुसऱ्यांदा चित्रण केलं. म्हणजे अखंड अवकाशाचा नमुना म्हणून जे दृश्य शिकवलं जात होतं, ते जोडून तयार केलेलं होतं. बाझाँ यांचा सगळा युक्तिवाद यामुळे कोसळत नाही, कारण प्रेक्षकाला चौकट एकच दिसते आणि डोळा फिरवायचं स्वातंत्र्य त्याला मिळतंच. पण ‘कॅमेऱ्याने वास्तव जसंच्या तसं टिपलं’ हा भाग त्या दृश्यापुरता सोडून द्यावा लागतो. नावडीची तपासणी सगळेच करतात. आवडीची तपासणी तेवढ्याच कडकपणे केलेली क्वचित दिसते.

त्रुफोने दोन संहिता समोरासमोर ठेवल्या

आता नावडीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. जानेवारी १९५४, ‘काय्ये द्यु सिनेमा’ या फ्रेंच मासिकाचा ३१ वा अंक. लेखक फ्रान्स्वा त्रुफो, वय २१. लेखाचं शीर्षक मराठीत साधारण ‘फ्रेंच सिनेमाची एक विशिष्ट प्रवृत्ती’ असं होईल.

तेव्हा फ्रान्समध्ये प्रतिष्ठेचा सिनेमा म्हणजे मोठ्या कादंबऱ्यांवरचे, देखण्या नेपथ्याचे, घोटीव संवादांचे चित्रपट. झाँ ओराँश आणि पिएर बोस्त ही पटकथाकारांची जोडी त्यात सर्वांत वर. त्यांनी लिहिलेल्या ‘ला सिंफनी पास्तोराल’ला १९४६ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकात वाटा मिळाला होता. आणि नेमकं हेच त्रुफोला आवडत नव्हतं.

त्याने काय केलं? ओराँश-बोस्त यांची एक भूमिका होती: कादंबरीतले काही प्रसंग पडद्यावर आणताच येत नाहीत, तिथे त्याच अर्थाचा ‘समतुल्य’ प्रसंग पटकथाकाराने रचावा. जॉर्ज बेर्नानोस यांच्या एका खेड्यातल्या धर्मगुरूवरच्या कादंबरीची त्यांनी अशी पटकथा लिहिली होती, पण तिच्यावर चित्रपट झाला नव्हता. त्रुफोने ती पटकथा मिळवली आणि कादंबरीशी ताडून बघितली. ‘समतुल्य’ म्हणून घातलेला एक प्रसंग कादंबरीत नसलेला, उलट धर्माचा अवमान करणारा होता, आणि बेर्नानोस तर श्रद्धावान कॅथलिक लेखक. त्रुफोने दाखवलं की असे प्रसंग लेखकांच्या इतर पटकथांमध्येही येतात, मूळ कादंबरी कुणाचीही असो. मग हे कादंबरीचं रूपांतर की या दोघांच्याच आवडीनिवडी?

त्याच्याकडे आणखी एक मजबूत दाखला होता. रोबेर ब्रेसाँ यांनी १९५१ मध्ये त्याच कादंबरीवर स्वतः पटकथा लिहून चित्रपट केला होता, आणि पडद्यावर येणारच नाहीत असे मानलेले प्रसंग त्यात घेतले होते. एकच मूळ, दोन रूपांतरं. ‘हे करताच येत नाही’ या विधानाविरुद्ध केलेलं उदाहरण समोर होतं. प्रयोगात तुलनेसाठी ठेवतात तसा हा दुसरा नमुना त्याला आयता मिळाला आणि त्याने तो वापरला.

परिणाम तुम्हाला माहीत आहे. दिग्दर्शक हाच चित्रपटाचा कर्ता, हा विचार त्या मासिकाने उचलून धरला, १९५९ मध्ये त्रुफोचा ‘४०० ब्लोज’ आला, आणि ओराँश-बोस्त यांच्या पद्धतीचा सिनेमा ‘जुनाट’ या शिक्क्याखाली गेला.

पण लेखाची दुसरी बाजूही बघा. एक, ती पटकथा त्रुफोने खुद्द पिएर बोस्त यांच्याकडूनच मिळवली होती. त्यांनी विश्वासाने दिलेला अप्रकाशित मजकूर त्यांच्याच विरोधात छापला गेला. आज असं करायचं तर तुम्हाला लेखी परवानगी लागेल, आणि लागायलाच हवी. दोन, एका पटकथेवरच्या नेमक्या पुराव्यावरून त्याने अख्ख्या परंपरेवर निकाल दिला. पुरावा होता तेवढाच, निष्कर्ष मात्र फार लांब गेला. त्याची भरपाई व्हायला वीस वर्षं लागली: १९७४ मध्ये बेर्त्राँ ताव्हेर्निए यांनी आपल्या पहिल्या मोठ्या चित्रपटाच्या पटकथेसाठी मुद्दाम ओराँश आणि बोस्त यांनाच बोलावलं, आणि ‘द क्लॉकमेकर’ची समीक्षकांनी दखल घेतली. ज्यांना बाद ठरवलं होतं त्यांना काम येत होतं, हे एका चित्रपटाने दाखवलं.

नावडीने पुरावा निवडला तर

फेब्रुवारी १९७१ मध्ये ‘द न्यू यॉर्कर’ने पॉलिन केल यांचा ‘रेझिंग केन’ हा प्रदीर्घ लेख दोन भागांत छापला. केल यांना ‘सिटिझन केन’ आवडायचा, हे आधी स्पष्ट करते. त्यांना आवडत नव्हती ती त्याच्याभोवती उभी राहिलेली कल्पना, की महान चित्रपट हे एका प्रतिभावान दिग्दर्शकाचं काम असतं. १९६३ पासून त्या या कल्पनेशी भांडत होत्या. केन हा तिचा सर्वांत मोठा पुतळा, म्हणून त्यांनी तोच निवडला. त्यांचा दावा: पटकथा जवळजवळ संपूर्णपणे हर्मन मॅन्किविट्झ यांची आहे, ऑर्सन वेल्सचा त्यात वाटा नगण्य. (१९४२ च्या ऑस्करमध्ये पटकथेचं पारितोषिक मात्र दोघांना मिळून होतं.)

प्रश्न रास्त होता. पटकथाकारांचं श्रेय खरोखर मागे पडलं होतं, आणि हा लेख आला म्हणून मॅन्किविट्झ हे नाव लोकांना पुन्हा कळलं. पण पुरावा एकतर्फी होता. केल यांनी वेल्सना विचारलंच नाही. १९७२ मध्ये पीटर बोगदानोविच यांनी ‘एस्क्वायर’मध्ये सविस्तर प्रतिवाद केला. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातले हॉवर्ड सुबर यांचं केनवरचं संशोधन केल यांनी वापरलं पण श्रेय दिलं नाही, हा आरोपही त्यात होता. श्रेय कुणाचं यावरच्या लेखात दुसऱ्याच्या कामाचं श्रेय गेलं, याहून मोठा विरोधाभास शोधून सापडणार नाही.

निकाल लागला तो वादाने नाही, फायलींमुळे. वर उल्लेखलेल्या कॅरिंजर यांनीच आरकेओ स्टुडिओच्या संग्रहात पटकथेचे एकामागून एक झालेले मसुदे तपासले आणि १९७८ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. सुरुवातीचे मसुदे मॅन्किविट्झ यांचे, पण पुढच्या मसुद्यांमधले निर्णायक बदल वेल्सचे, असं त्या कागदांतून दिसलं. म्हणजे दोघांना मिळून पारितोषिक देणारी मंडळी फारशी चुकली नव्हती.

त्रुफो आणि केल यांची तुलना करा. दोघांनाही एक प्रस्थापित गोष्ट खटकत होती, दोघांची भाषा धारदार होती. त्रुफोच्या लेखातला जो भाग टिकला तो दोन संहिता समोर ठेवणारा, कुणीही पुन्हा करून बघू शकेल असा. केल यांच्या लेखातला जो भाग पडला तो असा, की जिथे विरुद्ध पुरावा मिळाला असता तिथे त्या गेल्याच नाहीत. स्वतःच्या कामाला लावायची कसोटी हीच: माझं म्हणणं चुकीचं ठरवणारा कागद असेल तर तो कुठल्या कपाटात असेल, आणि ते कपाट मी उघडलं का?

तक्रार नक्की कशाबद्दल आहे?

शेवटचं उदाहरण भारतातलं. १९८० मध्ये राज्यसभेच्या सदस्य असलेल्या अभिनेत्री नर्गिस यांनी सत्यजित राय यांच्यावर टीका केली की त्यांचे चित्रपट भारताची गरिबी परदेशात मांडतात आणि म्हणूनच तिथे गाजतात. ‘पथेर पांचाली’ला तोवर पंचवीस वर्षं झाली होती. या वादावर आजही लोक दोन तट करून भांडतात, आणि ‘मदर इंडिया’च्या नायिकेनेच हे म्हणावं यावर हसतात. हसून झालं की टीका सोडवून बघा.

तिच्यात तीन वेगळी विधानं गुंतलेली आहेत. पहिलं, राय यांच्या चित्रपटांत गरिबी दिसते. हे चित्रपट बघून तपासता येतं, आणि राय यांचे सगळेच चित्रपट गरिबांबद्दल नाहीत हेही लगेच कळतं. दुसरं, परदेशी प्रेक्षकांना ते गरिबीमुळेच आवडतात. हे चित्रपटाबद्दलचं विधान नाही, प्रेक्षकांबद्दलचं आहे. ते तपासायला १९५० च्या दशकातली परदेशी परीक्षणं काढून वाचावी लागतील. तिसरं, अशी प्रतिमा देशाला हानिकारक आहे. हे मूल्यविधान आहे. त्यावर वाद घालता येतो, पण परीक्षणं मोजून तो सुटणार नाही. तिन्हींना एकाच ‘आवडत नाही’मध्ये कोंबलं की शंभर वर्षं भांडण चालू शकतं. सुटं केलं की दुसऱ्या विधानावर एक नेटका लघुप्रबंध होतो.

२०२२ च्या यादीनंतरही असंच झालं. ‘जान दिलमान’ पहिला आल्यावर दिग्दर्शक पॉल श्रेडर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. पण ती चित्रपटाबद्दल नव्हती. चित्रपट त्यांना महत्त्वाचाच वाटत होता. नाराजी होती मतदार वाढल्यामुळे आणि बदलल्यामुळे निकाल ओढूनताणून आलाय, या त्यांच्या समजाबद्दल. २००२ मध्ये १४५ समीक्षक होते, २०१२ मध्ये ८४६, २०२२ मध्ये १,६३९. नमुना बदलला हे खरंच. पण १९५२ चे ६३ जण हा ‘नैसर्गिक’ नमुना आणि नंतरचे कृत्रिम, असं मानायला आधार काय, हा प्रश्न श्रेडर यांनाही विचारावा लागतो.

तुमच्या टिपणात काय लिहाल?

आता कामाचं. पुढच्या वेळी एखादा अभिजात चित्रपट (किंवा तुमच्या विषयातला अभिजात पेपर, तिथेही फरक नाही) आवडला नाही, तर अर्धं पान लिहा, या क्रमाने.

आधी, पाहिलेली आवृत्ती. मग नावडीची नेमकी जागा: कितव्या मिनिटाला, कुठल्या दृश्यात लक्ष सुटलं. ‘संथ आहे’ असं लिहू नका. २०१ मिनिटांच्या ‘जान दिलमान’मध्ये बटाटे सोलण्याचं दृश्य न तोडता चालतं, तिथे तुम्ही कशाची वाट बघत होता आणि ते का आलं नाही, ते लिहा. बऱ्याचदा इथेच कळतं की चित्रपटाने ती अपेक्षा मुद्दाम मोडली आहे. मग तुमची तक्रार त्या निवडीशी आहे, आणि ती तशी मांडता येते.

त्यानंतर, तक्रार कशाबद्दल आहे ते सुटं करा: चित्रपट, त्याचं कौतुक करणारे, की यादी. मग तुमच्या तक्रारीच्या विरोधातला सर्वांत चांगला लेख शोधा आणि त्याच्या लेखकाला मान्य होईल असा त्याचा सारांश तीन वाक्यांत लिहा. हे जमलं नाही तर अजून वाचायचं बाकी आहे. शेवटी एकच ओळ: माझं म्हणणं चुकीचं ठरायला काय सापडायला हवं?

पुण्यात किंवा जवळपास असाल तर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात एकदा जाऊन या. १९६४ मध्ये ते स्थापन झालं. चित्रपटांबरोबर जुनी नियतकालिकं, पटकथा, पुस्तिका, वृत्तपत्रांची कात्रणं तिथे जपलेली आहेत. ‘त्या काळी लोकांना हा चित्रपट कसा वाटला’ असा प्रश्न घेऊन कात्रणं मागा. आज महान म्हणून शिकवल्या जाणाऱ्या एखाद्या मराठी चित्रपटाचं पहिल्या आठवड्यातलं परीक्षण वाचा, आणि त्यातली नापसंती कशाबद्दल होती ते वर सांगितल्याप्रमाणे सुटं करून बघा.

आणि एवढं सगळं केल्यावरही ‘सिटिझन केन’ आवडला नाही, तर नाही आवडला. मार्गदर्शकांना तसं सांगायला हरकत नाही. फक्त ते अर्धं पान बरोबर न्या.